जुन्या जीपचा चोक : ठेवायचा की काढून टाकायचा?

बालमित्रांनो, आज तुम्हाला एका भांडणाची गोष्ट सांगायची आहे. घाबरू नका, हाणामारी नाही. भांडण आहे एका पत्र्याच्या चकतीवरून. ही चकती रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, जाडीला वहीच्या पुठ्ठ्याएवढी. पण जुन्या गाड्यांचे शौकीन आणि मिस्त्री एकत्र आले, की तिच्यावरून दोन-दोन तास वाद घालतात. या चकतीला म्हणतात चोक.

तुमच्या आजोबांकडे किंवा बाबांकडे कधीकाळी बजाज चेतक होती का? असेल तर त्यांना विचारा, थंडीत ती सुरू कशी करायचात? ते हसतील आणि सांगतील, ‘आधी चोक ओढायचा, मग किक. नाहीच ऐकलं तर स्कूटर एका बाजूला तिरकी करायची, सरळ करायची आणि पुन्हा किक.’ ही स्कूटर तिरकी करण्याची युक्ती साऱ्या भारताला ठाऊक होती. ती का चालायची, तेही आपण आज पाहणार आहोत.

पण आधी मुलचेऱ्याला जाऊ.

थंडी आणि ऊन, दोन्ही कडक

नकाशा काढा. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला गडचिरोली जिल्हा दिसतो ना? २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून तो वेगळा झाला. त्याच्या दक्षिण भागात, आष्टी आणि आलापल्लीच्या बाजूला मुलचेरा तालुका आहे. साग, बांबू, मोह, तेंदू यांचं हे रान. इथल्या बाजारात मराठी, गोंडी, तेलुगू आणि बंगालीही ऐकू येते. कारण फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांना इथे वसवलं गेलं.

या मुलखात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे तोच पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. शेकोटी सोडवत नाही. म्हणजे एकाच गाडीला वर्षभरात दोन टोकांचं हवामान सोसावं लागतं. शिवाय गाव आणि गाव यांच्यामध्ये जंगल. रस्त्यात गाडी बंद पडली, तर पुढच्या चौकात गॅरेज सापडेल असं नाही.

आता समजा, मुलचेऱ्यात कुणाकडे एक जुनी पेट्रोल जीप आहे. वडिलांच्या काळातली, मोठ्या मायेनं सांभाळलेली. अशा जीपची मुंबईत जुळणी महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केली. डॅशबोर्डवर ओढायचा एक नॉब असतो. तो चोकचा.

या जीपचा कार्बोरेटर खोलला आहे आणि मिस्त्री म्हणतो, ‘भाऊ, आपल्या इकडं एवढं ऊन तापते. चोक कायले पायजे? काढूनच टाकू. कटकट खतम!’

मालक म्हणतो, ‘अरे, कंपनीनं उगाच लावला होता का?’

कोण बरोबर? निकाल द्यायला न्यायाधीश तुम्हीच. पण न्यायाधीशाने आधी साक्षीपुरावे ऐकायचे असतात.

गाडीचं स्वयंपाकघर

पेट्रोल एकटं जळत नाही. त्याला हवा लागते, आणि तीही भरपूर. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण १५ ग्रॅम हवा लागते. पंधरा ग्रॅम म्हणजे किरकोळ वाटतं ना? मग असा हिशोब करा : एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे ९,००० लिटर हवा! १५ लिटरची बादली घेतली तर ६०० बादल्या हवा.

हवा आणि पेट्रोल या मापात मिसळायचं काम कार्बोरेटर करतो. कार्बोरेटर म्हणजे इंजिनाचं स्वयंपाकघर म्हणा ना! त्यात एक नळी असते, मध्ये कंबर आवळल्यासारखी अरुंद. इंजिन हवा ओढून घेतं, ती हवा या अरुंद जागेतून जोरात धावते. आणि हवा जिथे जोरात धावते, तिथे तिचा दाब कमी होतो. स्वित्झर्लंडच्या डॅनिएल बर्नूली या शास्त्रज्ञाने १७३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वाहत्या द्रवांचा हा नियम मांडला. अशा अरुंद कंबरेच्या नळीला इटलीचे शास्त्रज्ञ व्हेंचुरी यांचं नाव मिळालं.

दाब कमी झाला, की शेजारच्या वाटीतलं पेट्रोल एका बारीक भोकातून वर ओढलं जातं आणि फवारा होऊन हवेत मिसळतं. त्या भोकाला म्हणतात जेट. बस्स, एवढंच. ना मोटर, ना बॅटरी, ना कॉम्प्युटर!

करून पाहा

पहिला प्रयोग : पेलाभर पाण्यात एक स्ट्रॉ उभी धरा. तिचं वरचं टोक पाण्याच्या जरासंच वर असू द्या. दुसरी स्ट्रॉ आडवी धरून त्या टोकावरून जोरात फुंकर मारा. पाणी उभ्या स्ट्रॉमधून वर चढेल आणि तुषार उडतील. झाला तुमचा कार्बोरेटर!

दुसरा प्रयोग : आता नवी स्ट्रॉ घ्या. मधोमध टाचणीने दोन-तीन भोकं पाडा (मोठ्यांना मदतीला घ्या). सरबतात बुडवून चोखा. भोकं सरबताच्या वर राहिली पाहिजेत. काय झालं? हवाच जास्त तोंडात येते, सरबत थोडंसंच. आता भोकांवर बोट ठेवून चोखा. आलं की नाही भरभरून सरबत?

ते तुमचं बोट म्हणजेच चोक! इंग्रजीत चोक करणं म्हणजे गळा आवळणं, श्वास कोंडणं. कार्बोरेटरच्या तोंडाशी बसवलेली ही चकती आडवी फिरली, की हवेची वाट अडते. मग इंजिन हवेऐवजी पेट्रोलच जास्त ओढतं.

पण जास्त पेट्रोल कशाला?

हिवाळ्यात दोरीवरचे कपडे लवकर वाळत नाहीत, हे आईला विचारा. थंडीत पाण्याची वाफ सावकाश होते. पेट्रोलचंही तसंच. आणि इंजिनात जळते ती पेट्रोलची वाफ, थेंब नव्हेत.

रात्रभर गारठलेल्या इंजिनात पेट्रोलचा फवारा गेला, तर बरंचसं पेट्रोल थंड नळ्यांच्या भिंतींना थेंबाथेंबाने चिकटून बसतं. स्पार्क प्लगपाशी पोचते ती जेमतेम वाफ. ठिणगी पडते, पण पेट घेत नाही. म्हणून सुरुवातीला पेट्रोल मुद्दाम जास्त पाठवायचं. पुष्कळ वाया गेलं, तरी पेटण्यापुरती वाफ मिळते. इंजिन गरम झालं की चोक परत आत ढकलायचा.

आता चेतकचं कोडं सुटलं का? स्कूटर तिरकी केली, की कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल कलंडून पुढे सरकायचं. किक मारताच इंजिनाला थोडं जास्त पेट्रोल मिळायचं. कंपनीच्या चोकला घरच्या चोकची जोड!

सगळ्या चोकमध्ये चकती असतेच असं मात्र नाही. सोलेक्स जातीच्या अनेक कार्बोरेटरांत सुरुवातीच्या जास्त पेट्रोलसाठी वेगळीच बारीक वाट असते. इंग्लंडच्या एस. यू. कार्बोरेटरमध्ये चोक ओढला की जेटच खाली सरकतो. वाटा वेगळ्या, काम एकच. आणि डिझेलच्या जीपला? तिला हा चोक नसतोच, कारण तिथे प्लगच्या ठिणगीचं काम नाही.

साक्षीदार पहिला : ‘काढून टाका!’

चोक काढा म्हणणारेही काही उगाच बोलत नाहीत, बरं का. त्यांचे मुद्दे ऐका.

एक, चकती उघडी असली तरी ती आणि तिचा दांडा हवेच्या वाटेत उभे राहतात. शर्यतीच्या गाडीला प्रत्येक घोटभर हवा मोलाची. म्हणून शर्यतवाले अनेकदा चोक काढतात.

दोन, जुनी चोकवायर गंजते आणि अडकते. चोक अर्धवट ओढलेलाच राहतो आणि ड्रायव्हरला पत्ता नसतो. मग गाडी पेट्रोल पिते, काळा धूर सोडते, प्लग काजळीने काळेकुट्ट होतात.

तीन, चोक ओढलेला राहिला तर न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल धुऊन टाकतं. ऑइलचा पातळ थर गेला, की लोखंडावर लोखंड घासलं जातं. तेच पेट्रोल खाली उतरून ऑइलही पातळ करतं. इंजिनाचं आयुष्य कमी होतं.

चार, पुष्कळ कार्बोरेटरांत एक छोटा पंप असतो. अॅक्सिलरेटर दाबला, की तो पेट्रोलची पिचकारी मारतो. दोन-तीनदा पाय दाबला, सेल्फ मारला, की उन्हाळ्यात गाडी सुरू होते. मग चोक हवा कशाला?

मुद्दे बिनतोड वाटतात, हो ना? थांबा. दुसरा साक्षीदार अजून बोलायचा आहे.

साक्षीदार दुसरा : ‘राहू द्या!’

पहिली गोष्ट पिचकारीची. पिचकारी एकदाच पेट्रोल देते. इंजिन सुरू होतं खरं, पण थंडीत पुढचा मिनिटभर तरी त्याला जास्तच पेट्रोल लागतं. ते कोण देणार? पाय सारखा खालीवर करत बसायचं का? गाडी घसा खरवडल्यासारखी करते, बंद पडते, पुन्हा सेल्फ, पुन्हा बंद. बॅटरी उतरली की मग हँडल मारा! अनेक कार्बोरेटरांत चोकची दांडी इंजिनाची रेसही जराशी वाढवून ठेवते, म्हणजे थंड इंजिन बंद पडत नाही. चोक गेला की ती सोयही गेली.

दुसरी गोष्ट उन्हाची, आणि ही फार मजेची आहे. ऊन असलं की चोक लागत नाही असं मिस्त्री म्हणाला. पण पेट्रोल हा एकच पदार्थ नसून अनेक पदार्थांचं मिश्रण आहे. त्यातले काही झटकन उडतात, काही सावकाश. एप्रिल-मे महिन्यात गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहिली, की कार्बोरेटरच्या वाटीतले झटकन उडणारे पदार्थ आधी निघून जातात. उरतं ते जड पेट्रोल, जे लवकर पेटतच नाही. म्हणजे ऊन चोकची गरज कमीही करतं आणि उभ्या गाडीच्या बाबतीत वाढवतंही! जुन्या गाड्या रोज कुठे चालतात? त्या बहुतेक उभ्याच असतात.

तिसरी गोष्ट नव्या पेट्रोलची. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता लागते. शिवाय ते जळायला हवा कमी लागते. म्हणजे जुन्याच जेटमधून इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल गेलं, तर इंजिनाला हवा जास्त आणि इंधन कमी पडतं. अशा वेळी थंड इंजिनाला चोकची मदत होते. (जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांनाही इथेनॉल त्रास देतं, म्हणून त्या तपासून घ्याव्यात, हे पालकांसाठी.)

चौथी गोष्ट धुळीची. चकती काढली, दांडा काढला, पण दांड्याची दोन भोकं राहिली तर? ती भोकं एअर फिल्टरच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला असतात. म्हणजे जंगलातल्या कच्च्या रस्त्याची धूळ न गाळता थेट इंजिनात. ती धूळ पिस्टनच्या रिंगा पॉलिश पेपरसारखी घासते. आणि नुसती चकती काढून तिचे स्क्रू ढिले ठेवले, तर? एखादा स्क्रू सुटून इंजिनाच्या पोटात! मग खर्च किती, हे मालकालाच विचारा.

पाचवी गोष्ट, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच. चोक हा ड्रायव्हरचा डॉक्टर आहे. चालती गाडी अचानक मिसिंग करू लागली, धक्के देऊ लागली. चोक हळूच थोडा ओढून पाहिला आणि गाडी नीट चालू लागली, तर समजायचं की पेट्रोल कमी पडतंय. जेटमध्ये कचरा असेल, किंवा गॅस्केटमधून कुठेतरी हवा घुसत असेल. उलट, चोक ओढल्यावर गाडी आणखीच बिघडली, तर पेट्रोल कमी पडण्याचा संशय मागे टाकायचा आणि दुसरीकडे शोधायचं. एक पैसा खर्च न करता झालेली तपासणी! कधीकधी तर जरासा चोक ओढून, सावकाश चालवत, गाडी गावापर्यंत आणताही येते.

मुंबईच्या रस्त्यावर ही गंमत वाटेल. पण संध्याकाळ होत आलेली, दोन्ही बाजूंना साग, घरात वाट पाहणारी माणसं आणि जीपमध्ये तापाने फणफणलेलं एखादं मूल असेल, तर ती चकती म्हणजे गंमत नव्हे.

मग निकाल काय?

आता पुरावे जुळवून पाहा. चोक काढण्याच्या बाजूचे दुसरा आणि तिसरा मुद्दा नीट वाचा. त्यात दोष कुणाचा आहे? चोकचा, की गंजलेल्या वायरचा आणि विसरलेल्या हाताचा? वायरला ऑइल घातलं किंवा ती बदलली, चोक वेळेवर आत ढकलला, तर दोन्ही तक्रारी संपतात. दार करकरतं म्हणून कुणी दार काढून टाकत नाही. बिजागरीला तेल घालतो.

पहिला मुद्दा शर्यतीचा. तो खरा आहे. पण आपली जीप शर्यतीत धावत नाही, ती आष्टीच्या बाजाराला जाते. चौथ्या मुद्द्याचं उत्तर वर आलंच आहे.

म्हणून निकाल असा : फक्त शर्यतीसाठी असलेल्या गाडीचा चोक खुशाल काढा, भोकं नीट बंद करून. रस्त्यावर चालणाऱ्या जुन्या गाडीचा चोक ठेवा, आणि चालू स्थितीत ठेवा. नुसता शोभेला लोंबकळणारा नॉब काही कामाचा नाही.

आणखी एक कारण आहे, कायद्याशी जवळचं. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी नवे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली आणि मोठे फेरबदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. एक चोक काढला म्हणून लगेच नोंदणी नाकारतील असं नाही. पण ‘मूळ रूप’ या शब्दांना किंमत आली आहे, हे लक्षात ठेवा. आज काढून भंगारात दिलेला भाग उद्या शोधायला गेलं तर मिळत नाही. काढलाच, तर निदान पिशवीत घालून, वर चिठ्ठी लावून जपून ठेवा.

चोक वापरायचा कसा?

पालकहो, घरात चकतीचा चोक असलेली जुनी गाडी असेल तर हा क्रम मुलांना दाखवा :

१. गाडी थंड असेल तरच चोक पूर्ण ओढा. गरम गाडीला चोक नको.
२. अॅक्सिलरेटरशी फार खेळू नका. सेल्फ मारा.
३. इंजिन सुरू झालं की चोक अर्धा आत. आवाज एकसारखा झाला की हळूहळू पूर्ण आत.
४. पेट्रोलचा भपकारा आला आणि गाडी सुरू होईना, तर ती ओव्हरफ्लो झाली. चोक पूर्ण आत ढकला, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. भरपूर हवा गेली की जास्तीचं पेट्रोल निघून जातं.
५. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. चोक ओढलेल्या इंजिनातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू जास्त निघतो. त्याला रंगही नाही आणि वासही नाही.
६. इंजिन सुरू करताना उघड्या कार्बोरेटरवर तोंड नेऊन डोकावू नका. कधीकधी त्यातून उलटा भडका येतो.

चोक गेला कुठे?

तुमच्या नव्या गाडीत चोक का दिसत नाही, असा प्रश्न पडला असेल. मुंबईत कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या कंपनीची गाडी, चोकवालीच होती. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती घराघरात माहीत झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० लाही सुरुवातीला कार्बोरेटर आणि चोक होता.

पुढे धुराचे नियम कडक झाले आणि मोटारींत कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन पद्धत आली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले आणि बहुतेक दुचाकींतूनही जुना कार्बोरेटर गेला. आता एक छोटा कॉम्प्युटर इंजिनाचं तापमान मोजतो आणि थंडी असली तर आपणहून जास्त पेट्रोल पाठवतो. पाहिलंत? चोकचा नॉब गेला, पण चोकचं काम गेलं नाही! थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं, हा निसर्गाचा नियम कुणाला मोडता आला नाही. फक्त हात बदलला.

तुमच्यासाठी गृहपाठ

या रविवारी आईबाबांबरोबर ओळखीच्या मिस्त्रीकाकांकडे जा. एखादा जुना, खोललेला कार्बोरेटर दाखवायला सांगा. त्यात तीन गोष्टी शोधा : अरुंद कंबर, पेट्रोलची वाटी आणि चोकची चकती. बोटाने चकती फिरवून पाहा, आणि मग काकांना विचारा : ‘काका, तुम्ही असता तर चोक ठेवला असता की काढला असता? आणि का?’

उत्तर काहीही आलं तरी ‘का’ विचारायला विसरू नका. गाडीतला कुठलाही भाग काढण्याआधी तो कुणी, कशासाठी बसवला होता, एवढं कळायलाच हवं. ते कळल्यावरही काढावासा वाटला, तर जरूर काढा. पण कळण्याआधी पान्हा उचलायचा नाही. काय, पटतंय ना?